एकच चाकू घ्यायचाय, पण कोणता?

पत्र

नमस्कार. आम्ही पाच जण मिहानमधल्या एकाच कंपनीतले. पावसाळा सरला की महिन्यातला एखादा शनिवार-रविवार रामटेककडे एका मित्राच्या शेतावर तंबू टाकून राहतो. दरवेळी कोणीतरी घरून सुरी आणतो, नाहीतर सगळेच विसरतात. आता वर्गणी काढून एकच चांगला चाकू घ्यायचं ठरलंय, तीन हजारांपर्यंत. भाजी चिरायला, काटक्या तासायला, दोरी कापायला, सगळ्याला तोच. भाऊजींनी एक पाहूनही ठेवलाय : दहा इंची काळं पातं, पाठीवर करवतीचे दाते, पोकळ मुठीत होकायंत्र आणि काड्या. म्हणतात, रात्री जनावर आलं तर हाच कामी येईल. बाबा म्हणतात, घरची सुरी पेपरात गुंडाळून ने, पैसे वाचव. डिसेंबरमध्ये पेंचला जायचंय, तिथं चाकू नेलेला चालतो का? आणि रस्त्यात पोलिसांनी बॅग उघडायला सांगितली तर?
– एक वाचक, बेसा, नागपूर

उत्तर

आधी उत्तर देऊन टाकतो, कारणं मागाहून. न मिटणारा, म्हणजे पातं मुठीत पक्कं बसवलेला चाकू घ्या. पातं चार इंचांच्या आसपास, जाडी अडीच ते तीन मिलिमीटर, स्टेनलेस, धार सरळ, दाते कुठंही नकोत. मूठ रबरी किंवा खरबरीत प्लास्टिकची, आणि रंग भडक. सोबत घट्ट बसणारं म्यान. असा चाकू दिसायला अगदीच सामान्य असतो, मित्रांना दाखवून मिरवता येत नाही. पण तो तीन हजारांच्या आत येतो आणि धार लावायच्या दगडापुरते पैसेही उरतात.

म्हणजे बाबा निम्म्याहून जास्त बरोबर आहेत. भाऊजींचं मात्र जमलेलं नाही.

शेतावरच्या दोन दिवसांत चाकू काय काय करतो ते आठवून पाहा. वांगी, कांदे, हिरव्या मिरच्या, सांभार म्हणजे कोथिंबीर. रोडगे, म्हणजे गोवऱ्यांत भाजायचे कणकेचे गोळे, लावले असतील तर गोवऱ्यांतून काढल्यावर कुठं जास्त काळा पडलेला पापुद्रा खरवडायचा. मसाल्याची पुडी, दुधाची पिशवी. तंबूची दोरी. एखादी खुंटी टोकदार करायची, चूल पेटेना म्हणून सुक्या काडीचा भुसा काढायचा. बिबट्याशी झुंज या यादीत कुठं बसत नाही. चाकूचं निम्म्याहून अधिक आयुष्य स्वयंपाकात जातं. म्हणून तो आधी भाजी नीट चिरणारा हवा, लाकडाचं नंतर.

इथंच पात्याची जाडी आडवी येते. दुकानात सगळे लांबी विचारतात, जाडी कोणी विचारत नाही. एक कच्चा बटाटा घ्या आणि पाच मिलिमीटर जाडीच्या, "जंगल"वाल्या चाकूनं कापून पाहा. धार कितीही लागलेली असो, पातं अर्ध्यापर्यंत जातं, मग अडतं, आणि जोर दिला की बटाटा टक् करून फाटतो. कापला जात नाही, पाचर मारल्यासारखा उलतो. गाजराचे तुकडे उडून मातीत पडतात. कांद्याच्या चकत्या तर विसराच. अडीच मिलिमीटरचं पातं त्याच बटाट्यातून आवाज न करता खाली उतरतं. उलट घरची भाजीची सुरी दीडेक मिलिमीटरची असते. ती बटाट्याला उत्तम, पण सागाच्या फांदीतल्या गाठीवर वाकते आणि टोकावर जरा पीळ पडला की टोक तुटतं. शिवाय तिला म्यान नाही. पेपरात गुंडाळलेली सुरी बॅगेत पहिल्याच खड्ड्याला पेपर फाडते, आणि मग टॉर्च शोधायला हात घालणाऱ्याचं बोट जातं. बाबांना एवढंच सांगा, पैसे आपण म्यानाचे देतोय.

म्यानाबद्दल दुकानदार गप्प असतात, म्हणून मी जरा जास्त बोलतो. चाकू म्यानात घालून उलटा धरा आणि झटका द्या. पडला तर तो चाकू तिथंच ठेवा. कडक प्लास्टिकचं, तळाला पाणी निथळायला भोक असलेलं म्यान आपल्याकडे सगळ्यात बरं. चामड्याचं दिसतं छान, पण चामडं ओल धरून ठेवतं. आषाढ-श्रावणात कपाटात त्याच्यावर बुरशी येते आणि आतल्या पात्यावर गंजाचे ठिपके. चामड्याचं म्यान घेतलंच तर घरी चाकू बाहेर काढून ठेवायचा, म्यानात फक्त प्रवास.

आता पोलाद. जाहिरातीत "हाय कार्बन", "दमास्कस", "टायटॅनियम कोटेड" असे शब्द असतील. शब्दांमागं पोलादाची ठरलेली संज्ञा दिलेली नसेल तर पुढं जायचं. साधारण साडेदहा टक्के किंवा जास्त क्रोमियम असलं की पोलादाला स्टेनलेस म्हणतात. ते गंजतच नाही असं नाही, पण खूप उशिरा गंजतं. कार्बन पोलादाला धार पटकन लागते, आणि पाठीची कड चौकोनी असेल तर त्यावर ठिणगी पाडायची कांडी घासूनही चूल पेटवता येते. सगळं खरं. पण तुम्ही त्याच पात्यानं लिंबू कापणार, कैरी कापणार, टोमॅटो चिरणार. आंबटाला कार्बन पोलाद लगेच काळं पडतं, आणि चिरलेल्या कैरीला लोखंडाची चव येते. पाच जणांच्या मालकीचा चाकू रात्री धुऊन, पुसून, तेलाचं बोट फिरवून कोण ठेवणार? कोणीच नाही. सामाईक वस्तूचं आपल्याकडे काय होतं ते ऑफिसच्या पँट्रीत पाहताच. म्हणून स्टेनलेस. पाकिटावर १२सी२७ किंवा ४२०एचसी ही पोलादाची संज्ञा लिहिलेली दिसली, कडकपणा रॉकवेल मापात ५६ ते ५८ च्या घरात दिसला, की तुमच्या कामाला भरपूर झालं. याहून कडक पोलादाची धार जास्त टिकते, पण ती गेली की परत लावताना घाम फुटतो आणि कड ठिसूळपणे तुटूही शकते.

उदाहरण हवं असेल तर स्वीडनमधल्या मोरा गावी बनणाऱ्या मोराक्निव्हचा 'कंपॅनियन' पाहा. पातं १०.४ सेंटिमीटर, जाडी २.५ मिलिमीटर, मूठ रबरी, म्यान प्लास्टिकचं. आयात माल असल्यानं भाव वरखाली होतो, तेव्हा दोन-तीन ठिकाणी विचारून घ्या. तोच घ्या असा आग्रह नाही. ही मापं डोक्यात ठेवून दुसरा मिळाला तरी चालेल.

याच चाकूवर एक आक्षेप तुम्हाला ऐकायला मिळेल : "फुल टँग नाही." म्हणजे पात्याचं पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत अखंड गेलेलं नाही. अखंड गेलेलं असलं तर चाकू जास्त भक्कम, यात वाद नाही. पण या चाकूत ते मुठीत बरंच खोलवर जातं, आणि वांगी चिरून खुंट्या तासणाऱ्याला तेवढं पुरतं. ज्याची खरोखर काळजी करावी असा प्रकार भाऊजींनी निवडलेला आहे. मूठ पोकळ असली की पात्याला आत शिरायला जागाच उरत नाही. एक आखूड खुंट, त्यावर नट नाहीतर वेल्डिंगचा ठिपका, एवढ्यावर दहा इंचांचं पातं तोललेलं असतं. जोर लागला की जोड सुटतो, आणि सुटलेलं पातं कुठं जाईल याचा नेम नाही. पाठीवरच्या दात्यांनी लाकूड कापलं जात नाही, नुसतं खरवडलं जातं. वर पाठीवर अंगठा टेकवून बारीक काम करायची सोय जाते. राहिलं होकायंत्र. रामटेकच्या शेतावर दिशा कळायला गडाकडे मान वर करून पाहिलं तरी भागतं.

घडीचा चाकू घेऊ नका म्हणतोय ते कणकेमुळं. रोडग्यांची कणीक मळलेल्या हातानं घडीचा चाकू उघडला की ती सांध्यात जाऊन बसते, वाळते, वर माती. तिसऱ्या वेळी चाकू अर्धवटच उघडतो. तो काडीनं कोरून साफ करत बसायचं, तेही अंधारात. फ्रान्सच्या ओपिनेल या घडीच्या चाकूची लाकडी मूठ तर ओल धरून फुगते आणि पातं आत अडकून बसतं. ज्याला रोज खिशात काहीतरी हवं त्यानं तो जरूर घ्यावा, चाकू गुणी आहे. लाल मुठीचा स्विस चाकूही तसाच. त्यातली कात्री आणि डबा उघडणी कामाची, पण बऱ्याच लहान मॉडेलांत पातं उघडल्यावर अडकून राहायची सोय नसते. टोक टेकवून दाबलंत तर ते बोटांवर मिटतं.

लाकडाचं काय, हे तुम्ही विचारणारच. इथं "सगळ्याला एकच" हा तुमचा हट्ट मी थोडा मोडतो. या चाकूनं सुक्या बांबूचं कांडं उभं चिरता येईल : धार आडवी टेकवायची, दुसऱ्या काठीनं पाठीवर हलकेच ठोकायचं, बांबू आपणहून उकलत जातो. अंगठ्याएवढी सागाची किंवा पळसाची सुकी फांदी तासता येईल. मनगटाएवढं सरळ, बिनगाठीचं लाकूड एखाद्या वेळी फोडताही येईल. बाभूळ आणि धावड्याच्या वाटेला जाऊ नका. त्यांच्यावर चाकूनं ठोकाठोकी केली की धारेला खांडे पडतात. शेत आहे म्हणजे शेतात कुऱ्हाड असणारच, ती मागून घ्या. अगदी स्वतःचं हत्यार हवंच असेल तर आठवडी बाजारात बसणाऱ्या लोहाराकडून एक कोयता घ्या. ट्रकच्या जुन्या कमानपाट्यापासून घडवलेला असेल तर उत्तम, ते पोलाद दणके सोसायलाच बनवलेलं असतं. चाकूच्या मानानं स्वस्तात पडेल आणि लाकडाच्या कामात दहा इंची चाकूला पाणी पाजेल.

मुठीच्या रंगाचं मी सुरुवातीलाच बोललो ते गमतीनं नाही. काळा, हिरवा, चट्ट्यापट्ट्यांचा चाकू गवतात ठेवला की संध्याकाळनंतर सापडत नाही, आणि सापडतो तो पायाला. नारिंगी घ्या. नागपूरकरांना नारिंगीचं वावडं असायचं कारण नाही.

जनावरांची भीती मात्र मी उडवून लावत नाही. त्या पट्ट्यात बिबट्या आहे, रानडुकरं आहेत. पण चाकू चालवायला जनावर हाताच्या अंतरावर यावं लागतं, आणि ते तिथवर आलं तर दहा इंचांनी काही फरक पडत नाही. उपयोग होतो तो वेगळ्याच गोष्टींचा. उष्टं-खरकटं झाकणाच्या डब्यात, तंबूपासून लांब. रात्री बाहेर जायचं तर दोघांनी, टॉर्च लावून, बोलत, काठी आपटत. तंबूची चेन कायम बंद. आणि शेतावर पोचल्या पोचल्या राखणदाराला विचारायचं, "इकडं काही दिसून राहिलं का एवढ्यात?" त्याचं उत्तर कोणत्याही चाकूपेक्षा कामाचं. सापाबद्दलही इथंच सांगतो, कारण चाकू जवळ असला की लोकांना भलतं सुचतं : दंशाच्या जागी चीर देऊन रक्त काढायचं नाही, तोंडानं ओढायचं नाही, घट्ट आवळून बांधायचंही नाही. अंगठी-कडं काढा, माणसाला हलू देऊ नका, १०८ ला फोन करून सरकारी रुग्णालय गाठा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर चालणारं प्रतिविष तिथं मिळतं, आणि तेवढाच उपाय आहे.

आता कायदा. शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालचे २०१६ चे नियम ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत मोजतात. घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळलेली आहेत. म्हणून स्वयंपाकघरातला मोठा सुरा किंवा शेतातला कोयता चालतो, आणि भाऊजींच्या दहा इंचीबद्दल "हा घरगुती आहे" असं ठाण्यात पटवून सांगणं अवघड जाईल. चार इंचांचा साधा चाकू या मापाच्या बराच आत आहे. तरी महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली सणासुदीला, निवडणुकीत, तणावाच्या वेळी मनाईचे आदेश निघतात, तेव्हा शहरात चाकू-काठ्या घेऊन फिरण्यावरच बंदी असते. म्हणून चाकू कमरेला लावून सीताबर्डीत चहा प्यायला उतरू नका. तो म्यानात, भांड्यांच्या पिशवीत, कांदे-बटाट्यांच्या शेजारी राहू द्या. कोणी अडवलं तर पिशवीच सांगेल तुम्ही कुठं चाललात ते. बटण दाबून उघडणारा खटक्याचा चाकू कोणत्याही लांबीचा असो, नको. विमानानं कुठं गेलात तर चाकू चेक-इन सामानात, हातातल्या बॅगेत नाही.

पेंचचं उत्तर वेगळं आणि सोपं आहे : नेऊ नका. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये शस्त्राची जी व्याख्या आहे तिच्यात बंदुका, सापळे, विष यांच्या रांगेत चाकूही नावानिशी लिहिलेला आहे. मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात शिरता येत नाही, कलम ३१, आणि राष्ट्रीय उद्यानालाही हीच तरतूद लागू होते. इथं इंचांची सूट नाही. "सफरचंद कापायला आणला होता" हे गेटवर सांगत बसण्यापेक्षा सफरचंद कापूनच डब्यात न्या. उमरेड-कऱ्हांडला, बोर, नागझिरा, ताडोबा, सगळीकडे हेच. तिथं जंगलात चूल पेटवणंही गुन्ह्यात जाऊ शकतं, त्यामुळं सफारीच्या सहलीत चाकूला कामच नसतं.

धारेवर थोडं. दारावर सायकलचं चाक फिरवून धार लावणाऱ्याकडे विळे-कात्र्या खुशाल द्या, हा चाकू नको. कोरड्या चाकावर पातळ कड क्षणात तापते, निळसर होते, आणि तिथलं पाणी उतरतं, म्हणजे तेवढा भाग कायमचा मऊ पडतो. इतवारीत लोहा ओळीत काही शे रुपयांत दोन बाजूंचा दगड मिळेल, एक बाजू भरड, एक बारीक. दगड ओला करायचा. पातं दगडावर सपाट ठेवून पाठ साधारण पाव इंच उचलायची, या रुंदीच्या पात्याला तो वीसेक अंशांचा कोन होतो. मग दगडाचा पापुद्रा काढायचाय अशा बेतानं धार पुढं ठेवून सरकवायचं. दोन्ही बाजूंना सारखं. बोटाला दुसऱ्या बाजूनं बारीक खरखर लागली की बाजू बदलायची वेळ झाली. शेवटी जुन्या कातडी पट्ट्यावर उलट्या दिशेनं चारदोन हात. शेतावर दगड विसरलात तर चिनी मातीच्या कपाचं बूड, जिथं चकाकी नसते ती कडा, वेळ मारून नेते. टोमॅटोवर पातं नुसतं टेकवून ओढलं आणि साल न दबता चिरली, तर झालं.

वापरताना एक सवय पाचही जणांना लावा. मांडीवर ठेवून काही तासायचं नाही. मांडीच्या आतल्या बाजूनं मोठी रक्तवाहिनी जाते, आणि घसरलेला चाकू बरोबर तिथंच येतो. कोपरं गुडघ्यांवर टेकवून, हात पायांच्या पुढं काढून काम करायचं, नाहीतर जमिनीवर ओंडका ठेवून त्यावर. कापलंच तर स्वच्छ फडक्यानं दाबून धरायचं, दहा मिनिटं न उचलता. दर मिनिटाला थांबलं का म्हणून पाहिलं की थांबत नाही. गंजलेल्या-मातकट पात्यानं कापलं असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन.

चाकू आला की थेट सहलीला नेऊ नका. आठवडाभर कोणाच्या तरी घरच्या ओट्यावर वापरा, ज्याला रोज स्वयंपाक करावा लागतो त्याच्याकडे द्या. किलोभर कांदे चिरले की मूठ कुठं टोचते, ओल्या हातात घसरते का, म्यानात घालताना बोट मध्ये येतं का, सगळं कळतं. परत करायची मुदत तोवर संपलेली नसेल एवढं ऑर्डर करतानाच पाहून घ्या.